एक्केचाळीस किलो तीनशे

माझ्याच नाटकातलं, मीच लिहिलेलं वाक्य मला म्हणता येईना. वाक्य तरी केवढं? "एक्केचाळीस किलो तीनशे भरलं, मामा." पाच शब्द. पहिल्या तालमीला वाटलं, नवीन आहे, बसेल तोंडात. तिसऱ्या दिवशी मी 'एकतीस' म्हणालो. चौथ्या दिवशी नुसताच काट्याकडं बघत उभा राहिलो. पाचव्या दिवशी खिशातलं पेन काढून ते वाक्य खोडायला लागलो, तशी दिग्दर्शक बाईंनी टाळी वाजवून तालीम थांबवली.

"काका, पेन इकडं द्या."

दिलं. बाई एका शाळेत शिकवतात, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. पण तालमीत त्यांच्यासमोर मी सातवीतला पोरगा असतो.

"हितं नट आलाय. लेखक आलेला नाही. लेखकाला भेटायचं असलं तर मी रविवारी घरी येतो, तवा भेटतो."

कोल्हापूरच्या बाहेरच्या वाचकानं गोंधळू नये. आमच्याकडं बायकासुद्धा 'येतो, जातो, करतो'च म्हणतात. त्याबद्दल पुढं येईलच.

पेशानं मी पॅटर्नमेकर. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत ओतकामासाठी लाकडाचा नमुना, म्हणजे पॅटर्न, करावा लागतो, आणि आतल्या पोकळीसाठी वेगळा साचा, कोअर बॉक्स; ते मी करायचो; वडीलही तेच करायचे. नाटक ही संध्याकाळी सातनंतरची गोष्ट. कोल्हापुरात नाटक करणाऱ्या जवळपास प्रत्येकाची हीच तऱ्हा: दिवसा बँक, शाळा, महापालिका, लेथ, आणि रात्री तालीम. त्यात आमच्या गावात 'तालीम' म्हटलं की आधी लाल माती आठवते. आमच्या पेठेत तर आम्ही खरोखरच एका तालमीच्या वरच्या हॉलमध्ये नाटक बसवायचो. खाली जोर-बैठका, वर 'विंग एकमधून एंट्री'. दोघांच्या घामाचा वास जिन्यात एक व्हायचा.

मी रंगमंचावर आलो तो आलोच नाही, विंगेत आलो. १९९२ साली राज्य नाट्य स्पर्धेसाठी आमच्या पेठेतल्या ग्रुपला प्रॉम्प्टर पाहिजे होता आणि मला वाचता बऱ्यापैकी यायचं, एवढीच माझी पात्रता. केशवराव भोसले नाट्यगृहाच्या विंगेत स्टूल टाकून, झिरोच्या बल्बला निळा जिलेटीन कागद गुंडाळून मी बसायचो. तीन वर्षं बसलो. पुढं जे काही नाटक लिहायला शिकलो, ते त्या स्टुलावर.

प्रॉम्प्टिंग म्हणजे पुस्तक वाचून दाखवणं नव्हे. वाक्याचे पहिले दोनच शब्द द्यायचे, तेही श्वासात. तिसरा शब्द दिलात की प्रेक्षकांना ऐकू जातो, आणि नट तुमच्यावर खेकसतो ते वेगळंच. सगळ्यात अवघड काय, तर समोरचा विसरलाय की पॉझ घेतोय हे ओळखणं. पॉझमध्ये शब्द दिलात तर नट विंगेत येऊन कानाखाली काढेल, आणि विसरल्यावर नाही दिलात तरी काढेल. मी पायाकडं बघायला शिकलो. पॉझ घेतलेल्या नटाचा गुडघा सैल असतो. विसरलेल्याचे दोन्ही पाय जमिनीत रुततात आणि डोळे वर बॅटनकडं, दिवे टांगायच्या दांडीकडं, जातात, जणू वाक्य तिथं लटकवून ठेवलंय.

एका वहीत मी अडखळण्याच्या जागा टिपून ठेवायला लागलो. उद्देश साधा होता, दुसऱ्या दिवशी तयार असावं. पण वही भरत गेली तसं दिसायला लागलं की वेगवेगळे नट एकाच जागी अडखळतात. मुख्य नट आजारी पडून बदली आला, तो त्याच वाक्याला पडला. म्हणजे दोष जिभेचा नाही. महत्त्वाचा शब्द वाक्याच्या सुरुवातीलाच सांडून टाकलेला असतो आणि मग नट उरलेलं वाक्य ओझ्यासारखं ओढत नेतो. किंवा समोरच्यानं जे विचारलंय त्याला हे उत्तरच नसतं. लेखकाला काहीतरी सांगायचं होतं म्हणून त्यानं ते मध्येच कोंबलेलं असतं. नटाच्या डोक्याला कळत नाही, पण जिभेला कळतं. मनाशी नियम करून टाकला: नट अडखळला की लेखक चुकला. हा नियम मी तीस वर्षं वापरला, आणि ऐन वेळी त्यानंच मला दगा दिला.

पहिली एकांकिका लिहिली ती साहित्यसेवा म्हणून नव्हे. उंची पाच फूट तीन इंच, आवाज घोगरा. मला कायम हवालदार, नाहीतर 'साहेब, फोन आलाय' म्हणणारा शिपाई मिळायचा. मग म्हटलं, आपली भूमिका आपणच लिहू. लिहिली. चाळीस मिनिटांत पस्तीस मिनिटं मीच बोलत होतो. उरलेली तीन पात्रं 'मग?' आणि 'काय सांगता?' म्हणायला ठेवलेली. प्रयोग संपल्यावर ग्रुपमधले एक ज्येष्ठ खासबागेत भेळ खाता खाता म्हणाले, "मर्दा, हे नाटक न्हवं. हा तुझा सत्कार हाय." सात-आठ जण हसले. मी भेळेतली मिरची चावून डोळ्यांतल्या पाण्याला कारण शोधलं.

त्या खासबागेबद्दल आणि नाट्यगृहाबद्दल थोडं सांगायलाच पाहिजे, कारण आमचं सगळं तिथंच घडलं. शाहू महाराजांनी कुस्तीचं मैदान आणि नाटकाचं थिएटर एकमेकांना खेटून बांधलं. थिएटर १९१५ साली सुरू झालं, तेव्हाचं नाव पॅलेस थिएटर. पुढं १९५७ मध्ये संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. केशवराव इथलेच. १९०८ साली, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षी त्यांनी ललितकलादर्श काढली, १९२१ च्या जुलैत बालगंधर्वांबरोबर 'संयुक्त मानापमान'मध्ये उभे राहिले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले. उणंपुरं एकतीस वर्षांचं आयुष्य. विंगेतल्या स्टुलावर बसून मी हे हिशेब करायचो: माझ्या वयाला केशवरावांची कंपनी होती, माझ्याकडं निळा बल्ब.

सिनेमाचंही तसंच. कोल्हापूर सिनेमाचं गाव म्हणतात, पण त्या गावपणाची सुरुवात कारागिरांपासून झाली हे आम्हा उद्यमनगरवाल्यांना जास्त जवळचं वाटतं. बाबूराव पेंटर हे मूळचे मेस्त्री. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता त्यांनी स्वतःचा कॅमेरा तयार केला, त्या कॅमेऱ्यातून १९२० साली 'सैरंध्री' निघाला. त्यांच्याच कंपनीत घडलेली शांताराम, दामले, फत्तेलाल ही मंडळी १९२९ मध्ये 'प्रभात' काढून बसली, ती पुढं १९३३ साली पुण्याला गेली. माझे वडील म्हणायचे, "पडदा रंगवणाऱ्यानं कॅमेरा केला, तू पॅटर्न करणारा नाटक लिहितोस, त्यात काय विशेष?" कौतुक होतं की टोमणा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांनीच एक गोष्ट शिकवली, जी मला लिहिताना उपयोगी पडली. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं. म्हणून पॅटर्न नेमक्या मापाचा करायचा नाही, फुटाला साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोठा करायचा. मग निथळून, निवून जे हाती येतं ते बरोबर मापाचं असतं. रंगमंचासाठी लिहिताना हेच. वाक्य कागदावर सूतभर मोठं पाहिजे. तालमीत, दिव्यांत, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत पोहोचता पोहोचता ते आकसून मापात येतं. कागदावरच मापात असलेलं वाक्य रंगमंचावर खुरटं दिसतं.

आणि हा हिशेब कॅमेऱ्यासमोर साफ उलटा होतो.

मालिकेत मला बोलावलं तेव्हा मी पंचेचाळिशी ओलांडली होती. कोल्हापूरच्या आसपासच्या गावांत मालिकांची शूटिंगं सुरू झाली, वाडे भाड्यानं गेले, आणि स्थानिक नटांना एकदम भाव आला. भाव म्हणजे दिवसाला अडीच हजार, त्यातून दहा टक्के टीडीएस, आणि चेक नव्वद दिवसांनी. मला सरपंचाच्या मागं उभा राहणारा माणूस मिळाला. हवालदारापेक्षा बरा, निदान धोतर होतं.

पहिल्याच दिवशी मी नाटकातल्यासारखा बोललो. साउंडवाल्यानं कानावरचे हेडफोन काढून माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्याच्या आईला काही बोललो. दिग्दर्शक जवळ आला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, मस्त. फक्त थोडा चेहरा कमी करा." चेहरा कमी करा! इतकी वर्षं चेहरा वाढवण्यात घातली होती.

पण शिकलोही तिथंच. मालिकेत आधी मास्टर होतो, सगळा प्रसंग एका दमात. मग एकेकाचा क्लोज. नायिकेच्या क्लोजला मी कॅमेऱ्याच्या कडेला उभा राहून तिला क्यू, म्हणजे तिच्या आधीचं वाक्य, द्यायचो. माझा चेहरा दिसणार नाही, आवाजही वापरणार नाहीत. काम एकच, तिच्याकडं बघून तिला बोलायला लावायचं. ती पोरगी ऐकायची. नुसती ऐकायची आणि तिच्या हनुवटीजवळ काहीतरी हलायचं. रंगमंचावर मी समोरच्याचं वाक्य संपायची वाट बघत असे. ती वाट बघत नव्हती. माझ्या क्लोजच्या वेळी मात्र तिची गाडी निघालेली असायची. मग सहायक दिग्दर्शक पोरगा हातात कागद धरून यादी वाचल्यासारखा क्यू द्यायचा: "बाबा. सगळं. संपलं. तुम्ही. काहीतरी. बोला. ना." आणि मी रडायचं. रडलो की! त्याच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडं बघून रडलो. बटण तुटकं होतं, दोऱ्यावर लोंबत होतं. त्याची आई लांब कुठंतरी असणार, असं मनात आलं आणि जमलं.

लेखकाची खाज तिथंही सुटली नाही. सीनचे कागद सकाळी यायचे, मुंबईत लिहिलेले. कोल्हापुरी म्हणजे दर वाक्यात एक 'लई' आणि एक 'रं' टाकायचा, असा तिकडं समज असावा. एकदा सरपंचाच्या बायकोला वाक्य होतं, "लई भूक लागली रं, मी जेवायला जाते." आता आमच्या पेठेत कुठली बाई 'मी जाते' म्हणेल? माझी आई जन्मभर 'मी जातो, मी करतो, मी आलो' असंच बोलली, आणि तिच्यापेक्षा बाईपण असलेली बाई मी बघितली नाही. मी त्या अभिनेत्रीला हळूच सांगितलं, 'जातो' म्हणा. ती पुण्याची, तिला मजा वाटली, म्हणाली. लगेच कट. सहायक धावत आला, "मॅडम, जेंडर चुकलं." मी समजावायला लागलो तर तो मला म्हणाला, "काका, लिहिलंय तसंच घ्यायचंय. आणि तुम्हाला या सीनमध्ये डायलॉग नाहीये." खरं होतं. मला डायलॉग नव्हता.

संध्याकाळी घरी येताना राग निवला आणि वाटलं, माझ्या नाटकात कुणी नटानं असं परस्पर बदललं असतं तर मी काय केलं असतं? कोकलत उठलो असतो. पण चूक ते चूकच. 'जाते' प्रक्षेपित झालं, आमच्या गल्लीतल्या बायकांनी हसून घेतलं.

२०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली, राज्यात चित्रीकरणं बंद झाली, युनिटं बाहेरच्या राज्यांत गेली. आमचंही गेलं. माझं पात्र तीर्थयात्रेला गेलं असं एका वाक्यात सांगून टाकलं. ते अजून परतलेलं नाही. तोवर एका दुसऱ्या निर्मिती संस्थेकडं माझे अकरा दिवसांचे पैसे अडकले होते. फोन केला की 'अकाउंट्सला मेल टाका', मेल टाकला की 'त्यांना फोन करा'. शेवटी मीच सोडून दिलं. ज्याला पोट यावर अवलंबून आहे त्यानं काय करावं, मला खरंच सुचत नाही. माझ्याकडं निदान लाकूडकाम होतं, आणि तेही आता संपत आलं होतं, कारण फाउंड्र्यांत पॅटर्न संगणकावर काढून मशीनवर कापायला लागले.

त्यातूनच नाटक सुचलं. दोन अंकी. एक म्हातारा पॅटर्नमेकर, त्याचा मुलगा, आणि माळ्यावर रचलेले जन्मभराचे पॅटर्न. घरावर स्लॅब टाकायचाय, माळा उतरवायचाय, आणि मुलगा ते पॅटर्न भंगारवाल्याला वजनावर विकतो. नाटकभर एवढंच होतं. मी म्हाताऱ्याची भूमिका डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिली. आता सत्काराचा प्रश्न नव्हता. वय, आवाज, हात, सगळं बसत होतं. लिहायला सात महिने लागले, त्यातले चार महिने पहिल्या अंकाची शेवटची तीन पानं.

कागदोपत्री सोपस्कार आले. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं पाठवावी लागते, त्यांचं प्रमाणपत्र असल्याशिवाय प्रयोग करता येत नाही. अर्जाबरोबर लेखकाचं संमतीपत्र जोडायचं. मी लेखक, आणि आमच्या ग्रुपचा सचिवही मीच. म्हणून मी मला विनंतीपत्र लिहिलं आणि मीच मला 'आपल्या पत्रास अनुसरून' परवानगी दिली. बायको चहा घेऊन आली तेव्हा सह्या चालल्या होत्या. "मानधन किती घेतलंसा?" तिनं विचारलं. प्रमाणपत्र आलं. एक शब्दसुद्धा गाळायला सांगितला नव्हता. सगळ्यांनी अभिनंदन केलं, मला मात्र जरा लागलंच. इतकं निरुपद्रवी लिहिलंय का मी?

मग वाचन झालं. बाईंनी ऐकून घेतलं, दोन दिवसांनी भूमिका सांगितल्या. म्हातारा दुसऱ्याला. मुलगा एका बँकेतल्या पोराला. मला भंगारवाला.

"दीड पानाचा रोल आहे," मी म्हणालो.

"एक पान आणि चार ओळी," बाई म्हणाल्या. "मोजलंय मी."

कारण विचारलं तर म्हणाल्या, म्हाताऱ्याला तुम्ही फार जपाल. ते पटलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही.

८ ऑगस्ट २०२४, गुरुवार. रात्री फोन आला की केशवरावला आग लागलीय. विश्वास बसेना. गेलो तर खासबागेच्या बाजूनं ज्वाळा वर निघालेल्या, बंबांच्या घंटा, आणि रस्त्यावर माणसंच माणसं. कोण बोलत नव्हतं. छप्पर आत कोसळलं तेव्हा जो आवाज आला तो गर्दीतून आला की इमारतीतून, सांगता येणार नाही. माझ्या शेजारी एक लाइटवाला उभा होता, आयुष्यभर त्या बॅटनवर चढलेला. तो बोटानं हवेत काहीतरी मोजत होता. नंतर कळलं, तो दिवे मोजत होता. दुसऱ्या दिवशी ९ ऑगस्ट, केशवरावांची जयंती. दगडी भिंती उभ्या होत्या, आत आभाळ दिसत होतं. माझं स्टूल असायचं त्या जागेचा अंदाज बाहेरून घ्यायचा प्रयत्न केला. आला नाही.

महिनाभर आम्ही नाटकाचं नाव काढलं नाही. मग बाईंनीच निरोप पाठवला, सोमवारी सात वाजता, तालमीच्या वरच्या हॉलमध्ये.

तर त्या पाचव्या दिवसानंतरच्या रविवारी बाई खरंच घरी आल्या. पेन परत दिलं. चहा झाला. मी माझा जुना नियम त्यांना सांगितला: नट अडखळला की लेखक चुकला, सबब वाक्य बदलू. 'चाळीस किलो' करू, गोल आकडा, तोंडात बसेल.

त्यांनी संहिता उघडली. "हे वजन मुलगा का सांगत नाही? म्हातारा विचारतोय मुलाला, 'किती भरलं?' आणि उत्तर देतोय भंगारवाला. असं का लिहिलंत?"

मी गप्प.

"तुमच्या नियमानं हितं लेखक चुकलाय. पण वाक्यात चुकला नाही."

सांगून टाकलं मग. आमच्या घराचा स्लॅब टाकायच्या वेळी वडील होते. आतल्या खोलीत कॉटवर. मी माळा उतरवला, ऑइल इंजिनांचे, पंपांचे पॅटर्न अंगणात आणले. सागवानी, लाखेचं पॉलिश केलेले. काहींच्या कडेला त्यांच्या हातचा पेन्सिलीतला आकडा अजून होता. आठ रुपये किलोनं ते जळणाच्या भावात गेले. आतून आवाज आला, "किती भरलं?" भंगारवाल्यानं मला सांगितलं, मी दारातून आत सांगितलं. एक्केचाळीस किलो तीनशे. वडील थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "कोअर बॉक्स धरून का?"

तेवढंच. नाटकात ते वाक्य तसंच आहे. फक्त वजन सांगायचं काम मी स्वतःवरून काढून भंगारवाल्यावर ढकललं होतं, आणि बाईंनी काही माहीत नसताना मलाच भंगारवाला केलं होतं.

मला वाटलं, आता त्या वाक्य मुलाला देतील. दिलं नाही. "भंगारवाल्यालाच राहू दे," म्हणाल्या, "आणि तुम्हीच म्हणा. अडखळलात तर अडखळा." जाताना दारात चप्पल घालत म्हणाल्या, "आणि नीट जेवा जरा, आवाज बसलाय तुमचा. येतो मी."

स्पर्धा थंडीत झाली, दुसऱ्या हॉलमध्ये. तिथला रंगमंच लहान; आमच्या माळ्याच्या नेपथ्यातला एक फ्लॅट, म्हणजे उभा पडदा-चौकट, फूटभर कापावा लागला आणि मुलाला वाकून एंट्री घ्यावी लागली, जे खरं तर बरंच झालं. नटराजाची पूजा, नारळ, तिसरी घंटा. विंगेत आता प्रॉम्प्टर नव्हता. ती पद्धत गेली. मी सवयीनं विंगेत खाली बघितलं, स्टूल कुठंय ते.

माझा प्रवेश आला. काटा टांगला, पॅटर्न चढवले. आतून म्हाताऱ्यानं विचारलं, "किती भरलं?" आणि माझे दोन्ही पाय जमिनीत रुतले. मला ते कळलं, म्हणजे बघा, पायच बघायची सवय. डोळे वर जाऊ दिले नाहीत. बँकेतल्या पोराकडं बघितलं. तो ऐकत होता, त्या नायिकेसारखा नुसता ऐकत होता. मी त्याला सांगितलं. म्हाताऱ्याला नाही, प्रेक्षकांना नाही, त्याला सांगितलं, क्लोजमध्ये सांगतात तेवढ्या आवाजात.

पडदा पडल्यावर ओळखीचे एक गृहस्थ आत येऊन भेटले, डोळे पुसत होते. म्हणाले, "लई भारी. पण तेवढं वजन किती भरलं ते ऐकू आलं न्हाई मागं." एका परीक्षकांनीही पुढं तेच म्हटल्याचं कानावर आलं: भंगारवाल्याची भूमिका करणाऱ्या नटानं शब्दफेकीवर मेहनत घ्यावी. अंतिम फेरीला आम्ही गेलो नाही. म्हाताऱ्याला अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं, त्याचा त्यांनी फ्रेम केलेला फोटो ग्रुपवर तीनदा टाकला. लेखनाचं मला नाही. वाईट वाटलं, आठवडाभर वाटलं, खोटं कशाला बोला.

परवा इचलकरंजीहून एका ग्रुपचा फोन आला. नाटक करायचंय, परवानगी पाहिजे, प्रयोगाचं मानधन किती घेणार. ते ठरलं. मग पोरगा जरा घुटमळत म्हणाला, "सर, एक छोटा बदल चालेल का? त्या भंगारवाल्याच्या वाक्यातला आकडा आमच्या नटाच्या तोंडात बसंना झालाय. चाळीस किलो केलं तर?"

"तालमीचा कितवा दिवस?"

"तिसरा."

"पाचव्या दिवसापर्यंत थांबा," मी म्हणालो. "मग करा फोन."